डाव्या दाराचा दांडा

डिचोलीच्या शेटमामाने मला पहिल्याच दिवशी दुकानातून हाकललं होतं. सोनार गिऱ्हाइकाला हाकलतो हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचं अंबाड्यात घालायचं सोन्याचं फूल माझ्या वाट्याला आलं होतं, पण त्याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या. आता फूल घालतंय कोण, वितळवून त्याची बांगडी करू, असा माझा हिशेबी विचार. त्याने फूल तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "टीचर, तुमी शाळेत पोरांक शिकयतात न्ही? मग माका ह्या काम कित्याक सांगतात? वितळवूक अक्कल लागना. जाळ लागता." मी तणतणत उठले. फूल मात्र त्याने परत दिलं नाही, आठ दिवसांनी यायला सांगितलं. आठ दिवसांनी फूल पुरं झालेलं होतं, आणि नव्या पाकळ्या कोणत्या ते मला आजही सांगता येत नाही.

जुनं मोडून नवं करणं हा त्या धंद्याचा अर्धा भाग. ह्या गृहस्थाने तो अर्धा भाग सोडूनच दिला होता. कुणी आजीच्या पाटल्या मोडायला आणल्या की हा आधी वाद घालायचा, मग गप्प व्हायचा, मग पाटल्या पुढे सरकवून पाठ करून बसायचा. गिऱ्हाईक समोरच्या चकचकीत दुकानात निघून जाई. ह्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "माणूस जुनो जाता म्हणून तेका कोण मुशीत घालता?" असं तो विचारायचा. बायकोने, म्हणजे मामीने, ह्यावर कपाळाला हात लावायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

आता माझ्या बाबांबद्दल सांगितल्याशिवाय शेटमाम पुरा सांगून होणार नाही. बाबा रेल्वेत डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर. मुरगाव बंदरात खनिजाच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, पुढे-मागे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं एकाच इंजिनावर. निवृत्त होऊन पेडण्याला घरी आले आणि साखरेने त्यांचे डोळे नेले. तेही त्यांनी सोसलं. सकाळी दाढी करून सोप्यावर बसायचे, लांबून स्टेशनात येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून इंजिन ओळखायचे. मग विजेची इंजिनं आली. "ही मांजरासारखी येतात," म्हणायचे, "कळणा सुद्धा." आणि एके दिवशी जुन्या सोबत्याचा फोन आला की बाबांचं इंजिन भंगारात गेलं, कापलं सुद्धा.

बाबा म्हणाले, "खोटा. शेडात असतला. रिपेरीक." सोबत्याने पुन्हा सांगितलं. बाबांनी पुन्हा तेच म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते सोप्यावर आले नाहीत. दाढी वाढली. खिडकीकडे पाठ करून खाटेवर पडून राहायचे, जेवण अर्धं टाकायचे. मला सरळ सांगायचं तर भीती वाटायला लागली होती. आई जाताना दिसली तरी होती. हे माणूस माझ्या डोळ्यांदेखत भिंतीत शिरत चाललं होतं आणि मला ओढून बाहेर काढता येत नव्हतं.

माळ्यावर एक इंजिन होतं. खूप वर्षांपूर्वी बंदरातल्या परदेशी बोटीवरच्या एका खलाशाने बाबांना दिलेलं, वीतभर लांबीचं, खऱ्याची हुबेहूब नक्कल असलेलं डिझेल इंजिन. बाबा म्हणायचे, आपली इंजिनं ह्याच घराण्यातली. त्याची मोटर जळली होती, चाकं गंजली होती, बाजूचे कठडे केव्हाच तुटले होते. पुण्याच्या भावाने "टाकून दे ते" म्हणून नवंकोरं, रिमोटवर धावणारं इंजिन पाठवलं. बाबांनी ते चाचपलं, "पोरांक दी," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मी जुनं पिशवीत घातलं आणि डिचोलीतल्या शाळेला जाताना शेटमामाकडे नेलं. का नेलं, तर मोडलेली वस्तू पाहून ज्याला चेव येतो असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नव्हता.

त्याने सगळी हकिगत ऐकली. इंजिन उलटं केलं, भिंग लावलं. "इंजिन कापला म्हणतात?" मी मान हलवली. त्याने तुटलेल्या कठड्यावरून नख फिरवलं. मग म्हणाला, "कापूक पण अक्कल लागना," आणि मंगळसूत्राचं चाललेलं काम बाजूला सारून त्याने इंजिन ऐरणीशेजारी ठेवलं.

पुढे जे चाललं ते डिचोलीच्या अर्ध्या बाजाराने पाहिलं. कुणाच्या तरी बंद पडलेल्या सीडी प्लेअरमधली मोटर काढून त्याने इंजिनाच्या पोटात बसवली. चाकं घासून आणली. चांदीची तार भोकांच्या पट्टीतून ओढून ओढून केसासारखी बारीक केली आणि तिचे कठडे, पायऱ्या, दारांच्या मुठी केल्या. टाकणखार लावून, फुंकणीने ज्योत वाकवून, एकेक सांधा डाख देऊन जोडला. येणारे-जाणारे विचारायचे, "शेट, म्हातारपणी खेळण्यांशी खेळतात काय?" तो मान वर न करता सांगायचा, "खेळणा न्हय. रिपेरी."

मापं हवीत म्हणून एका रविवारी तो पेडणे स्टेशनात आला. कामाची गाडी घेऊन एक जुनं डिझेल बाजूच्या रुळावर उभं होतं. हा धोतर खोचून त्याला दोऱ्याने मोजायला लागला, जशी गळ्याची मापं घेतात तशी, जागोजाग गाठी मारत. पोलीस आला. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं. शेटमाम म्हणाला, "माप घेतंय. दागिनो करूक." पोलिसाने त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि मला फोन आला. मी धावत गेले तर हा पोलिसाला त्याच्या अंगठीचं ढिलं झालेलं कोंदण दाखवत होता आणि पोलीस अंगठी काढून देत होता. दोरा तेवढा खिशात होता. एक गाठ कमी पडली म्हणून परत येताना त्याने ती पोलिसाच्या समक्ष घेतली.

दोन महिन्यांनी मी इंजिन घरी नेलं. बाबांच्या छातीवर ठेवलं. बाबा उठले नाहीत, नुसती बोटं फिरवली, पुढून मागे, मागून पुढे. आणि मग किती महिन्यांनी त्यांचा चढा आवाज मी ऐकला. "ह्या काय गुळगुळीत केलाहा? इंजिन काय देवाचा चांदीचा ताट? ह्या माझा इंजिन न्हय. परत घेवन जा."

चूक सोनाराचीच होती. पन्नास वर्षं ज्याने प्रत्येक वस्तू घासून झिलई दिली, त्याने इंजिनालाही झिलई दिली. मी भीत भीत निरोप सांगितला. शेटमामाचे कान लाल झाले. "गुळगुळीत म्हणालो? माका?" एवढंच बोलला. मग मला पाळी गावाला पिटाळलं, खाणीच्या रस्त्यावरची लाल धूळ आणायला. मी, सरकारी शाळेतली शिक्षिका, रस्त्याच्या कडेला बसून टिफिनच्या डब्यात धूळ भरत होते आणि ट्रकवाले हॉर्न वाजवत जात होते. ती धूळ वस्त्रगाळ करून त्याने रंगात कालवली आणि इंजिनाला तीन हात दिले. ह्या खेपेला इंजिन घेऊन तो स्वतः आला. आमच्या घरात शिरताना चपला काढायच्या आधीच म्हणाला, "ड्रायव्हर खंय आसा?"

बाबांनी बोटं फिरवली. "धूळ खंयची?" "पाळीची." "धूळ बरोबर," बाबा म्हणाले. "बाकी सगळा चूक." आणि उठून बसले.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी शेटमाम डिचोलीहून म्हापशाला बस बदलून पेडण्याला यायचा. एका हातात चिमटे-कानशींची पिशवी, दुसऱ्या हातात बिस्किटांच्या डब्यात इंजिन. दोघे सोप्यावर बसायचे आणि भांडायचे. भोंगा पुढे आहे, मागे हवा. पायरी तीन बोटं वर आहे. खऱ्या इंजिनावरच्या तीन बोटांचं वीतभर इंजिनावर काय होतं, ह्याचा वाद जेवणापर्यंत चालायचा. "तुका इंजिन कळना." "तुका दिसना." "दिसना म्हणून कळता." मी आत मासे तळत ऐकायची. रविवारच्या आदल्या दिवशी बाबा न्हाव्याला बोलवायला लागले. कडक इस्त्रीचा सदरा मागायला लागले. भांडायला जाणारं माणूस मरगळून कसं चालेल?

हळूहळू सगळं जमलं. एक गोष्ट राहिली, ती डाव्या दाराचा दांडा. कधी काळी खनिज भरताना यंत्राचा धक्का लागून खऱ्या इंजिनाचा तो दांडा वाकला होता. शेडवाल्यांनी नवा बसवायला काढला तेव्हा बाबा आडवे आले. मागे वाघिणी ढकलताना खिडकीतून बाहेर झुकून ते नेमका तो दांडा धरत, आणि त्या वाकात त्यांचा तळवा बरोबर बसायचा. "बदललास तर इंजिन घेवन जा आणि माका पण घेवन जा," असं त्यांनी तिथे सुनावलं होतं. दांडा राहिला. आता तो वाक शेटमामाने बाबांच्या आठवणीवरून तारेत आणायचा होता. तो वाकवायचा, बाबा म्हणायचे, चुकलो. थोडा खाली. जास्त झाला. शेटमाम उखडून नवा करायचा. असे किती दांडे झाले देव जाणे.

चवथीच्या आधीचा एक रविवार मला नीट आठवतो. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची माटोळीची चौकट धुऊन सोप्यावर वाळत ठेवली होती. शेटमामाने दांडा बसवून इंजिन पुढे केलं. बाबांचं बोट दांड्यावर गेलं आणि थांबलं. मी आतून पाहत होते. बोट हलेना. मग बाबा म्हणाले, "चूक." मी वाट पाहिली की आता खटका उडणार. शेटमामाने बाबांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, दांडा अलगद उखडून कनवटीला लावला आणि म्हणाला, "बरा. दुसरो करतंय." मला वाटलं, थकला. पण पुढच्या खेपेपासून पुन्हा भांडण सुरू झालं आणि वर्षभर चाललं, फक्त त्या एका दांड्यावरून.

पुढची चवथ झाली, दिवाळी झाली. एका सकाळी दुकान उघडायला म्हणून निघालेला शेटमाम घराच्या पायरीवरच बसला, तो उठला नाही. मला शाळेत कळलं. वर्ग चालू होता. मी खडू ठेवला आणि मुलांसमोरच रडले, मला त्याची लाज वाटली नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "येत्या आयताराक येवचो ना तर?" मी नाही म्हटलं. ते इंजिनावर हात ठेवून बसून राहिले.

बारावं झाल्यावर मामीने मला बोलावलं. दुकानाचे खण रिकामे करताना तिला एक गुलाबी कागदाची पुडी सापडली होती, सोन्याची असते तशीच घडी घातलेली. "तुमच्या इंजिनाचा दिसता," ती म्हणाली. पुडीवर शेटमामाचं मोडकं अक्षर: पेडण्याचे ड्रायव्हर. डावा दांडा. बरोबर. खाली लिहिलं होतं, चवथीच्या आधी, आणि वर्ष. आत्ताची चवथ नव्हे, मागची. मी ती पुडी हातात धरून दुकानाच्या पाटावर बसले. तो बिनभांडणाचा रविवार माझ्या डोळ्यांपुढे आला. वर्षभर हा माणूस जाणूनबुजून चुकीचे दांडे करत होता. ज्याच्या हातून चूक झाली तर रात्रीचं जेवण गोड लागत नसे, तो.

घरी आल्यावर मी पुडी बाबांच्या हातात दिली, वर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्यांनी तार दोन बोटांत धरली, अंगठा वाकात बसवला. "बरोबरच होतो," ते म्हणाले. "त्या दिवशीच कळलां."

"मग चूक कित्याक म्हटलात?"

"बरोबर म्हटला असता तर तो परत कित्याक येतलो?"

मी डोळे पुसले. म्हटलं, माझ्या ओळखीत एक पोरगा आहे, चांगला डाख देतो, उद्या बोलावते, शेटमामाच्या हातचा दांडा बसवून टाकू, इंजिन पुरं होईल. बाबांनी दांडा परत पुडीत ठेवला. घडी चाचपून पहिल्यासारखी घातली आणि पुडी बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

आजही शनिवारी न्हावी येतो. रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून सोप्यावर बसतात, शेजारी इंजिन, डाव्या दाराशी दोन उघडी भोकं. परवा पुण्याचा भाऊ आला होता. म्हणाला, एवढं सगळं झालंय तर हे एवढंसं का ठेवलंय, आता कोण करणार आहे ते, शेट तर गेला. बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कोणे सांगला गेलो?" ते म्हणाले. "इंजिन शेडात आसा. रिपेरीक."