साय काढणारे भालेराव काका

तीन आठवडे रोज माझी पीएचडी पुसून टाकणारा माणूस आज गेला.

भालेराव काका. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजचे लॅब अटेंडंट. मूळचे इगतपुरीकडचे. उजव्या हाताला तीनच बोटं.

माझा विषय होता स्फटिक. स्फोटकांचे स्फटिक सुईसारखे टोकदार वाढले की एकमेकांवर घासतात, आणि नको तेव्हा भडका उडतो. वाढताना सोबत नैसर्गिक प्रोटीन असेल तर ते गोल होतील का, एवढंच मला बघायचं होतं.

लॅबमध्ये स्फोटक नव्हतं. त्याच्यासारखा वाढणारा साधा क्षार, आणि प्रोटीन म्हणून अंड्यातलं पांढरं.

रोज सकाळी डिशमध्ये सुयाच.

सर म्हणाले, "विषय बदल. वर्ष वाया जाईल."

मी डबा न उघडता बसले होते. काकांनी विचारलं, "काय झालं, बाळा?"

"दुपारी वर प्रोटीनची पांढरी साय येते, काका. सकाळी नसते. ती टिकली तरच काही होईल."

काकांनी टेबलावरचा टिपकागद उचलला.

"ती मीच काढतो. रोज संध्याकाळी. टिपकागदानं."

मी रागाने डबा बाजूला ढकलला.

त्यांनी तीन बोटांचा हात पुढे केला. "जुन्या कंपनीत सुरुंगाची दारू भांड्याला चिकटून ऱ्हायली व्हती. खरवडाया गेलो, भडका उडाला. तवापासून भांड्यावर काय ऱ्हाऊ देत नाय मी."



मग ते स्वतःच सरांच्या केबिनमध्ये गेले. "चूक माझी हाय. पोरीचा विषय बदलू नका." रिटायरमेंट चार महिन्यांवर आली होती, तरी गेले.

दुसऱ्या दिवशी डिशवर चिठ्ठी: 'साय आहे. हात लावू नये. भालेराव.' सरांनासुद्धा झाकण उघडू दिलं नाही त्यांनी.

आठव्या दिवशी दाणे गोल आले. खसखशीएवढे.

काकांनी आधी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग चार दाणे तुटक्या बोटाच्या खुंटावर घेऊन अंगठ्याने हळूच चोळले.

"टोचत नाय," म्हणाले, आणि डोळे पुसायला बाहेर गेले.

रिटायर होऊन जाताना थोडे दाणे माझ्याकडून मागून, बाटलीत भरून नेले.

आज त्यांच्या घरी गेले होते. टीव्हीशेजारी ती बाटली तशीच होती. वर चिठ्ठी, त्याच अक्षरात: 'हात लावू नये. भालेराव.'

मी लावला नाही.

काका, शेवटचा जय भीम.