सत्काराचा हार

नोकरीभर मी शाळेत वादविवाद स्पर्धा घेतल्या. पोरांना एकच सांगायचो, आवाज चढला की समजा मुद्दा संपला. निवृत्त होऊन अमरावतीत घरी बसलो, तर पाहतो काय, सगळेच आवाज चढवून बसलेले. सीमेवर तणाव वाढला आणि टीव्हीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना एका रात्रीत शत्रूची राजधानी घ्यायची होती. मला आता अशा गोष्टींचा रागही येत नाही. नुसता शीण येतो.

त्यात माझा सख्खा भाचा तिथं सीमेवर, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. त्याचा फोन लागेनासा झाला तसा मी अकोल्याला गेलो. जुन्या शहरात चौकाच्या तोंडाशी तिचं फुलांचं दुकान आहे. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच ते चालवते. मी पोचलो तेव्हा ती झेंडू ओवत होती, डोळा मात्र शेजारी ठेवलेल्या फोनवर.

“बातम्या नको लावू,” मी म्हणालो.

“मी नाई लावत, दादा. लोकंच येऊन सांगून जाते ना.”

आमचं घर माळ्याचं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, हार कशासाठी? देवाचा वेगळा, लग्नाचा वेगळा आणि फोटोचा वेगळा. फोटोचा हार मागणाऱ्याच्या घरचं माणूस गेलेलं असतं, म्हणून त्याच्याशी जास्त बोलायचं नाही, घासाघीस तर नाहीच. त्या सकाळी चौकातल्या मंडळाची पोरं आली. संध्याकाळी सैन्याला पाठिंबा म्हणून सभा होती.

“काकू, एक मोठा हार द्या. अन् तुमी स्टेजवर बसा, तुमचा सत्कार हाये.”

“हार कशासाठी?” तिनं सवयीनं विचारलं.

“सत्कारासाठीच.”

आपल्या पोराच्या नावाचा सत्कार, म्हणून तिनं पैसे घेतले नाहीत. वरून हारात पांढरी शेवंती घातली.

सभेत मास्तर म्हणून मलाही दोन मिनिटं मिळाली. मी एवढंच विचारलं, युद्ध कशासाठी करायचं आणि कुठं थांबवायचं हे कोणी ठरवलंय का? ठरवलं असेल तर ऐकायची माझी तयारी आहे. पुढच्या रांगेतून कोणी ओरडलं, “गुरुजी, तुमी कोनाकडून हाये?” मी म्हणालो, भाच्याकडून. ते कोणाला ऐकू गेलं नाही, माईक तोवर पुढच्या वक्त्याकडे गेला होता.

तो वक्ता गळा काढून बोलला. रक्त, माती, आई, सगळं होतं त्याच्या भाषणात, मुद्दा तेवढा नव्हता. लोक रडले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला, आणि मग मला माझाच वैताग आला.

शेवटी त्यानं स्टेजमागचा पडदा ओढायला लावला. मागे भाच्याचा वर्दीतला फोटो, माणसाएवढा उंच. त्या फोटोला बहिणीनं सकाळी ओवलेला हार घातला होता.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं. मान द्यायचा म्हणजे हार घालायचा, एवढंच त्या पोरांना ठाऊक. एवढ्या गर्दीत एकालाही ते खटकलं नाही. बहीण उठली, फोटोपाशी गेली, टाचा उंचावून तिनं हार उतरवला.

“माया पोरगा जित्ता हाये,” ती म्हणाली.

माईक लांब होता. वक्त्यानं तिचा हाराचा हात धरून वर उचलला आणि गर्जला, “पाहा ही वीरमाता!” शहिदाच्या आईला म्हणतात तो शब्द. टाळ्या थांबेनात, घोषणा सुरू झाल्या. ती तेच तेच बोलत होती आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते.

घरी येऊन तिनं तो हार सुटा केला. “दादा, तू पोरायले जल्मभर बोलाले शिकवलं,” ती म्हणाली. “आयकाले कोनी शिकवत नाई का?”



सकाळी पाहतो तर फोटो दुकानासमोरच्या खांबाला बांधलेला, आणि त्यावर ताजा हार. आमच्या दुकानातला नव्हता. तिनं तो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा. मी मंडळाच्या पोरांना समजवायला गेलो. “मान हाये काका तो,” पोरं म्हणाली आणि त्यांनी मला आग्रहानं चहा पाजला. मग रोज हेच. त्यांनी घालायचा, हिनं उतरवायचा.

पुढे सीमेवर शांत झाल्याची बातमी आली आणि एका दुपारी तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. भाचा वाळलेला, काळवंडलेला, पण हसत होता. “जेवला का?” एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. मला तर हुंदकाच फुटला.

मग तो म्हणाला, “आई, आपला चौक दाखव ना. लय दिवस झाले पाह्यला नाई.”

तिची नजर समोर गेली. त्या दिवशीचा हार अजून उतरवायचा राहिला होता.

“ऊन लय हाये रे,” तिनं फोन आणखी जवळ धरत म्हटलं. “काई दिसनार नाई.”