हौसाच्या मेंदूची स्लाइड

"डोकं उघडायचं तर उघडा, बाई. पर माझी लेक ढोंग करत न्हवती, येवढं मला सांगा."

शवागाराबाहेर धोंडिबा उभे होते. कोळवणचे शेतकरी. त्यांची मुलगी हौसा सकाळी आमच्या वॉर्डात वारली होती. उरवड्याच्या सासरचं कोणीही आलं नव्हतं. मी पुण्याच्या त्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होते. साठच्या दशकातली गोष्ट.

हौसाचा आजार येत-जात असे. एका डोळ्याला अंधारी आली, मग दिसू लागलं. पाय लुळा पडला, तो पुढे सुधारला. हे असं वर्षानुवर्षं चाललं. नवऱ्याने "नाटकी हाय" म्हणत घराबाहेर काढलं आणि दुसरं लग्न केलं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, सरांनीही, केसपेपरवर 'हिस्टेरिया' लिहिलं, म्हणजे सगळे मनाचे खेळ. शेवटी ती अंथरुणालाच खिळली. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळून ती गेली.

मला मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका होती. विजेच्या तारेवर आवरण असतं तसं मज्जातंतूंवरही असतं. या आजारात ते जागोजागी झडतं.

"तो गोऱ्या लोकांचा आजार," सर म्हणाले. "भात लावणारीला कुठून होणार?"

मेंदू कापला तेव्हा आत राखाडी चट्टे दिसले. चांदीच्या क्षाराने रंगवलेली स्लाइड मी मायक्रोस्कोपखाली ठेवली. मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशी असतात, मायक्रोग्लिया. एरवी त्या बारीक फांद्या पसरून बसलेल्या असतात. इथे फांद्या गेल्या होत्या. झडलेलं आवरण खाऊन पेशी फुगल्या होत्या. तेव्हा आम्ही त्यांना सफाई कामगार समजायचो. आवरण उद्ध्वस्त करण्यातही त्यांचा हात असतो, हे पुष्कळ उशिरा कळलं.

सरांनी स्लाइड पाहिली.

"सुंदर केस आहे," ते म्हणाले. "कॉन्फरन्सला मी वाचीन."

केसपेपरवरचा 'हिस्टेरिया' तसाच राहिला.

धोंडिबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ह्येच उरवड्यात येऊन सांगा. माझं कोण ऐकत न्हाई."

मी गेले. हौसाच्या सासऱ्यांच्या ओसरीवर चार माणसं जमली होती. मी सोप्या शब्दांत सांगितलं, की पोरगी खरोखर आजारी होती, मेंदूचा आजार होता, तिचा काही दोष नव्हता. धोंडिबा ताठ बसून ऐकत होते.

सासरा म्हणाला, "म्हंजी मेंदूच सडका व्हता. अन् अशी पोरगी आमच्या गळ्यात मारली व्हय रं, धोंडिबा?"

"लग्नात धडधाकट होती ती," मी म्हणाले. "आजार नंतर झाला."

"तुमी गप बसा, बाई. तुमीच आत्ता सांगितलं न्हवं?"

काही आठवड्यांनी धोंडिबा हॉस्पिटलात आले. धाकट्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती. घराण्याच्या रक्तातच मेंदूचा रोग आहे, अशी बोलवा झाली होती.

"मी येते. त्या लोकांना समजावते," मी म्हणाले.

"नगं." त्यांनी हात जोडले. "ती ढोंगी व्हती तवर बरं व्हतं, बाई. निदान धाकटी तरी उजवली असती."

ते निघून गेले. सरांनी ती केस कॉन्फरन्समध्ये वाचली. टाळ्या पडल्या.

निदान अचूक होतं. ते कोणाच्या हाती पडेल आणि त्याचं काय होईल, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.