एका शब्दाचे कविवर्य

मा हाक्सू सरांना सत्कार-सोहळ्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि त्यांचं नशीब असं की त्यांच्याच काव्यवर्गात ऊठसूट कुणाचा तरी सत्कार असायचा. कोरियातल्या मोकपो शहरात, सोलगोगे संस्कृती केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, दर मंगळवारी ते कविता शिकवायचे. शिकायला येणारी मंडळी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, बँकेतून सुटलेले मॅनेजर आणि मुलांची लग्नं उरकून मोकळ्या झालेल्या बाया. उभ्या जन्मात कवितेचं पुस्तक न उघडलेली ही माणसं सहा महिन्यांत कवी व्हायची. व्हायची म्हणजे कशी? कुठल्यातरी त्रैमासिकाचा ‘नवोदित पुरस्कार’ मिळवायचा, त्या बदल्यात त्याच अंकाचे गठ्ठे विकत घ्यायचे आणि जावयापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना वाटत सुटायचं. त्या दिवसापासून माणसाचं नाव पुसलं जायचं. मग तो नुसता ‘कविवर्य’ आणि ती ‘कवयित्रीबाई’. भाजीवालीसुद्धा त्याच नावाने हाक मारणार, नाही मारली तर यांचा चेहरा पडणार.

“पुरस्कार कसला, पावती आहे ती,” मा सर भर वर्गात म्हणायचे.

मंडळी हसायची. सरांचं खवचट बोलणं ऐकायला तर ती यायची. बँकेतल्या मॅनेजरसाहेबांना पुरस्कार मिळाला तेव्हा वर्गात फुलांची तीन मजली कमान आली, तांदळाचे गोड त्तोक आले, माक्कोल्लीच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, बाटल्या आल्या. साहेबांनी डोळे पुसत आपली कविता वाचली. वाचून झाल्यावर सर म्हणाले, “साहेब, तुमच्या कवितेत दर ओळीत आई येते. थकली असेल बिचारी. तिला कुठेतरी बसू तरी द्या.”

“सर, तुम्ही कधीतरी चांगलं बोला की हो!” ग्वीनामबाई म्हणाल्या. पिओ ग्वीनाम या वर्गाच्या मॉनिटर. जन्मभर इस्पितळात नर्सचं काम केलेलं, त्यामुळे कुणीही तोंड वाकडं केलं तरी औषध पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

“चांगलं बोललो ना. त्तोक चांगले आहेत.”

आणि हे सगळं बोलणारे मा सर स्वतः कोण? कुणीच नव्हते. शाळेत कोरियन शिकवणारे निवृत्त मास्तर. तरुणपणापासून दर हिवाळ्यात ते वर्तमानपत्रांच्या नववर्ष काव्यस्पर्धेला कविता पाठवायचे आणि एक जानेवारीला पहाटे स्टेशनवर जाऊन पेपर उघडायचे. दर वर्षी त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो. परीक्षक आपापले चेले पुढे करतात, असं म्हणत ते पेपर तिथेच कचऱ्यात टाकायचे. मग पाठवणंही बंद केलं. पुढे पुढे तर न छापलं जाणं हीच आपली पदवी असल्यासारखे ते मिरवू लागले. विद्यार्थी कविवर्य, विद्यार्थिनी कवयित्रीबाई, आणि त्यांना शिकवणारे नुसते सर. आतून काय जळत होतं ते त्यांचं त्यांना माहीत. वरून मात्र सगळ्या जगाला नाक मुरडायचं काम चोख चालू होतं.

एका गोष्टीला मात्र ते नाक मुरडत नसत. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ते एका कवितेच्या प्रती वाटायचे. खाली कुणाचंच नाव नाही. तिच्यातल्या दोन ओळी अशा:

तुझे बूट फेकून दिले.
दारातली जागा किती रिकामी झाली.

“हिला कविता म्हणतात,” सर सांगायचे. “शेवटून दुसरा शब्द बघा. सगळी कविता त्या ‘रिकामी’वर उभी आहे.” एवढं बोलून ते खिडकीकडे बघायचे. कुणी विचारलं, सर, कुणाची हो ही? तर म्हणायचे, “कुणाची का असेना. चांगली आहे ना? वाचा.” आता आमच्याकडे शिक्षक आपलीच कविता वर्गात वाटणार असेल, तर तो खाली नाव घालत नाही. घातलं तर लोक म्हणतील, काय हा मिरवतोय. त्यामुळे बिननावाचा कागद म्हणजे सरांचीच कविता, हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. ग्वीनामबाईंनी तर ती फ्रेम करून दारात, बुटांच्या कपाटावर लावली होती.

कविता चा मालजा नावाच्या एका विद्यार्थिनीची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी ती या वर्गात यायची, मागच्या बाकावर बसायची. नवरा गेल्यावर तिने ती लिहिली आणि सरांना दाखवली. सरांनी कधी नव्हे ते ती दोनदा वाचली. लाल पेनने फक्त एक शब्द बदलला आणि कागद परत दिला.

“ही कुठे पाठवू, सर?” तिने विचारलं होतं.

“कुठेही नको. त्या मासिकवाल्यांना दिलीत तर त्यात मासळी बांधतील.”

“मग पेपरच्या स्पर्धेला?”

“तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं. थांबा. कवितेला घाई नसते.”

मालजा थांबली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वर्षी ती आलीच नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली, असं कुणीतरी म्हणालं. एका चांगल्या कवितेला सरांनी कुठलं दार दाखवलं? एकही नाही. सगळीच दारं हलकी, आणि यांचे विद्यार्थी हलक्या दारातून कसे जाणार! मॅनेजरसाहेबांची आई दर ओळीत छापून आली आणि मालजाचे बूट सरांच्या झेरॉक्सवर राहिले.

या हिवाळ्यात केंद्राने नियम काढला: मार्चपासून साहित्याचे वर्ग मान्यताप्राप्त साहित्यिकांनीच घ्यायचे. केंद्राच्या मुख्य बाई फार अदबीने म्हणाल्या, “सर, तुमचं एखादं सर्टिफिकेट असेल ना? साधं मासिकाचंसुद्धा चालेल.”

“मासिकाचं चालेल?” सर म्हणाले. “मग मासळीबाजारातून आणतो.”

घरी आल्यावर मात्र त्यांच्या घशाखाली भात उतरेना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बुसानला. मंगळवार गेला तर उरलेल्या वारांचं करायचं काय? ज्यांच्या कवितांची रेवडी उडवायची ती माणसंच नसतील, तर मा हाक्सू कशाचे? हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ग्वीनामबाईंपर्यंत बातमी गेली, आणि मग काय विचारता!

महिनाभराने एका मंगळवारी सर बसमधून उतरले आणि चौकात थबकले. शाळेत कुणाचा मुलगा पहिला आला, कुणाची सून वकील झाली, असले फलक जिथे लागतात तिथे एक भला मोठा नवा फलक फडफडत होता: ‘हार्दिक अभिनंदन! सोलगोगे काव्यवर्गाचे मा हाक्सू सर आता कविवर्य! त्रैमासिक उगवती लाट, नवोदित पुरस्कार.’ आणि खाली, लाल अक्षरांत, बुटांच्या त्या दोन ओळी.

सहासष्ट वर्षांचा नवोदित वर्गात शिरला तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“हे कुणाचं काम?” सर ओरडले.

“सगळ्यांचं!” ग्वीनामबाई म्हणाल्या. “अंकांचे गठ्ठे आम्ही वाटून घेतलेत, तुम्ही त्यात पडू नका. केंद्राच्या बाईंना सर्टिफिकेट दिलंय, मंगळवार पक्का. संपादक बांग म्हणाले, इतक्या वर्षांत अशी कविता आली नव्हती.”

“अहो, पण ती कविता माझी...”

“कळतं हो सर! लाजता. म्हणून तर कधी नाव घातलं नाहीत. आता पुरे झालं ते लाजणं.”

तिथे एक वाक्य पुरलं असतं. ‘ती चा मालजाची आहे.’ दुसऱ्याची कविता फाडायला ज्यांना कधी शब्द कमी पडले नाहीत, त्या सरांना हे वाक्य सुचेना. मॅनेजरसाहेब दोन्ही हातांनी पेला पुढे करून म्हणाले, “घ्या, कविवर्य.” आणि सांगायची लाज वाटते, पण त्या हाकेने सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पेला घेतला.

झोप मात्र उडाली ती उडालीच. सर्टिफिकेट खोटं म्हणून नव्हे हं. तो फलक मालजाने वाचला तर? ही भीती. केंद्रात ठरलेल्या सत्कार-समारंभाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सर खिशात स्वयंपाकघरातली कात्री घालून चौकात आले. फलक त्यांच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर. मा सर टाचा उंच करून, हात वर करून हवेत कात्री चालवू लागले. येणारे-जाणारे ओळखीचे लोक बघायचे, वरचं वाचायचे, आणि वाकून म्हणायचे, “अभिनंदन हं, कविवर्य.”

सिग्नल लाल झाला. ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी गाडी अगदी फुटपाथला लागून थांबली. स्टिअरिंगवर एक घामाघूम झालेली मुलगी, शेजारच्या सीटवर काळा चष्मा लावलेली बाई. बाईने काच खाली केली.

“कात्रीने नाही व्हायचं सर. शिडी लागेल.”

सरांनी कात्री पाठीमागे लपवली. “मालजाबाई! मी... मी तुमच्याकडेच येणार होतो.”

“पायी? स्कूल तिकडे, पुलापलीकडे आहे. तू समोर बघ गं, ब्रेकवरचा पाय काढू नकोस.”

“विद्यार्थ्यांनी न विचारता पाठवली हो. मी उद्या समारंभात सगळ्यांना सांगतो. कविता तुमची आहे.”

“माझी कुठली?” मालजा म्हणाली. “या सिग्नलला आठवडाभर थांबतेय, पाठ झालंय मला. माझ्या कवितेत ‘मोठी’ होतं. दारातली जागा किती मोठी झाली.”

“एकच तर शब्द सुधारला होता मी.”

“तो माणूस पिऊन यायचा आणि त्याच बुटांनी मारायचा. बूट फेकले आणि स्वतःच्या दारात मी पहिल्यांदा हातपाय पसरून उभी राहिले. रिकामं काही झालं नव्हतं, सर.”

“मग तेव्हा सांगायचं ना!”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नवऱ्याच्या मरणाने खूश झालेली बाई कवितेत बरी दिसत नाही. रडती बाई हवी होती, ती करून घेतलीत.” तिने वर फलकाकडे पाहिलं. “ठेवा. ‘रिकामी’ असलेली कविता तुमचीच. मला नको ती.”

“मालजाबाई, ऐका तरी. आता लिहिता का काही?”

“हिरवा झाला. ब्रेक सोड, हळूच. अगं हळू!” गाडी गचके देत पुढे गेली. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. काच वर गेली होती.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या हॉलमध्ये फुलांच्या कमानी दारापासून मंचापर्यंत लागल्या होत्या. संपादक बांग यांनी भाषण केलं. हा गृहस्थ दर अंकाला अर्धा डझन कवी जन्माला घालायचा आणि प्रत्येकाला म्हणायचा, इतक्या वर्षांत अशी कविता आली नव्हती. मग सरांना कविता वाचायला बोलावलं. सर उभे राहिले, वाचू लागले, आणि त्या ओळीपाशी म्हणाले, “दारातली जागा किती मोठी झाली.”

“रिकामी, सर! रिकामी!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पाठ होती ना सगळ्यांना. सरांनीच करून घेतली होती.

हॉलमध्ये हशा पिकला. सरांनी कागद खाली ठेवला. “ऐका,” ते म्हणाले. “ही कविता माझी नाही. चा मालजा नावाच्या बाईंची आहे. यात माझा फक्त एक शब्द आहे, आणि तो चुकीचा आहे.”

ग्वीनामबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. “बघा,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “आजच्या दिवशीसुद्धा श्रेय घेत नाहीत. बायको होती हो ती. मालजा म्हणजे त्यांची बायकोच असणार.”

“बायको! अरेरे! बूट तिचेच!” कुणीतरी म्हणालं.

पहिली टाळी मॅनेजरसाहेबांनी वाजवली. मग सगळा हॉल उभा राहिला. संपादक बांग माइकवर येऊन म्हणाले की खरा कवी स्वतःला नेहमी असाच पुसून टाकतो. “नाही हो, ती जिवंत आहे, ड्रायव्हिंग शिकवते,” असं सर म्हणत होते, पण माइक बांग यांच्या हातात होता. सरांनी हात वर केले, ते लोकांना नमस्कारासारखे वाटले. टाळ्या थांबेनात. बोलायचं तर या सगळ्यांना आधी खाली बसवायला हवं होतं, प्रत्येकाला वेड्यात काढायला हवं होतं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण समोरची सगळी माणसं पहिल्यांदाच त्यांच्यासाठी उभी होती.

मा हाक्सू सर कमरेत वाकले. चांगले खोल वाकले.

मग फोटोसाठी सगळे मंचावर जमले. बाया पुढे, साहेब लोक मागे. “कविवर्य, जरा मधे या,” असं फोटोवाला म्हणाला, आणि सर मधे जाऊन उभे राहिले.