दोन बोटं जास्त

सखानाना शिंप्यांच्या गळ्यात कायम मापाच्या दोन फिती लोंबत असत. आमच्या देवासात तेव्हा गाव एक आणि महाराज दोन: थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकाचा शिपाई, त्या कडेला दुसऱ्याचा. नाना दोन्ही दरबारांचे कपडे शिवत, म्हणून उजवीकडची फीत थोरलीची, डावीकडची धाकटीची. एकाच्या फितीनं दुसऱ्याला मोजलं तर मानकरी बिथरायचे. "नाना, लांब कुणाची?" असं कुणी विचारलं की सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणत, "ज्याच्या दारात उभा असेन त्याची."

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "कापड कमी करता येतं, वाढवता येत नाही." माझ्या मुंजीचा अंगरखा त्यांनीच शिवला होता. तो घोट्यापर्यंत आला आणि भटजी मंत्र विसरून हसले. वडील आदल्या वर्षी गेले होते. आईला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

पुढे एकविसाव्या वर्षी मला धार संस्थानात देवी टोचण्याची नोकरी मिळायची होती. अट एकच, उमेदवारानं स्वतःच्या सायकलवरून गावोगाव फिरलं पाहिजे आणि तसं दवाखान्याच्या साहेबांसमोर चालवून दाखवलं पाहिजे. घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. सायकल मुंबईहून मागवायची, तर दुकानाच्या छापील कागदावर माप मागितलेलं. आता माणसाला सायकलचं माप असतं हे मला काय ठाऊक!

मी गावभर विचारत सुटलो. पागेतले म्हातारे खाँसाहेब म्हणाले, "भिया, घोडा हो के सायकल, पाँव टिकना चइये. हाथ लंबा करो और नाप लो." आमचे जुने मास्तर म्हणाले, "उंचीला तिनानं भाग." दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध लागेना. दोघांपैकी एकही जण जन्मात सायकलवर बसलेला नव्हता. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आणि मी नानांकडे गेलो.

"नाना, इथे पायाचं आतलं माप लिहिलंय. जांघेपासून टाचेपर्यंत. त्यावरून सांगाड्याचा आकडा काढायचा, खाली कोष्टक दिलंय."

"मग त्यात काय! लोखंड काय अन् लठ्ठा काय, अंग तेच ना पंत? उभे राहा सीधे."

त्यांनी उजव्या फितीनं मोजलं, मग डाव्या फितीनं मोजलं. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोजलं. "हूं," म्हणाले आणि कोष्टकावर बोट फिरवून चोविसाचा आकडा स्वतःच्या हातानं लिहिला. मी विश्वासानं सही केली.

इंदूरच्या स्टेशनावरून बैलगाडीत खोका आला. सायकल उभी केली तर मधला दांडा थेट माझ्या जांघेत. बसलो तर खालच्या पायडलला अंगठाही पुरेना. धारला हजर व्हायला आठ दिवस उरले होते. मी सायकल तशीच ढकलत नानांच्या ओट्याशी नेली आणि भर बाजारात ओरडलो, "तुमच्या दोन फितींच्या घोळात माझी नोकरी गेली! कोणती खरी ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

दोन्ही फिती गळ्यातून काढून नानांनी घडी घातली आणि माझ्या पायांकडे बघत बसले. तो चेहरा आजही आठवला की मला माझीच लाज वाटते. मग म्हणाले, "लोखंड कमी करता येत नाही, पंत. तर मग आपण खालून वाढवू." जुन्या खोगिराचं चामडं कापून, आत लोकरीचा नमदा दडपून त्यांनी दोन बोटं जाडीच्या गाद्या शिवल्या आणि पायडलांवर वादीनं आवळून बांधल्या. पाय पुरले.

चढायला आणि उतरायला मात्र ओटा लागेच. धारला साहेबांनी फाटकापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी परत आलो, पण उतरू कुठे? दवाखान्याला तीन फेऱ्या मारल्या तेव्हा विहिरीचा कठडा दिसला. साहेब म्हणाले, "हौस दांडगी आहे." नोकरी लागली. पुढे मांडूच्या वाटेवरची सारी खेडी मला ओटा शोधणारे देवीडॉक्टर म्हणून ओळखू लागली.

नानांची मी माफी मागितली नाही. देवासला गेलो की ते गाद्या तपासत, उसवलं असेल तिथे टाका घालून देत. फितींचा विषय आम्ही दोघंही टाळत असू.

नाना वारल्याचं कळलं तेव्हा दहावा उलटून गेला होता. सखूकाकूंनी, त्यांच्या बायकोनं, दोन्ही फिती माझ्यापुढे ठेवल्या. "तुम्हाला द्यायला सांगितल्यात." मी त्या सतरंजीवर शेजारी शेजारी पसरल्या. दोन्ही अगदी सारख्या, दोऱ्याचाही फरक नव्हता. मी चक्रावलो. सारी हयात त्यांनी दोन्ही दरबारांना झुलवत ठेवलं होतं, हे कळलं. पण मग माझी सायकल मोठी कशी आली?

"काकू, नाना मापात चुकले होते का हो?"

"ते कशाला चुकतील?" काकू म्हणाल्या. "तुमच्या मुंजीच्या वख्तीच म्हणाले होते, बापाविना पोर आहे, याचं सगळं दोन बोटं जास्तच ठेवायचं, वाढेल. सायकलच्या वेळी मी म्हटलं, अहो, आता कुठला वाढतोय तो? तर म्हणाले, तुला काय कळतं."

मी एकविसाव्या वर्षी जेवढा होतो तेवढाच आजही आहे. नाना चुकले की नाही, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. मापाची सायकल घ्यायची ऐपत पुढे आली, पण घेतली नाही. गाद्या झिजल्या की नव्या शिवून घेतो. दोन बोटं जाडीच्याच.