हापशीचा आकडा

भावना तायडेला "हे तुझ्यानं व्हायचं नाही" असं म्हटलं की ती ते काम हमखास करायची. अमरावतीच्या अभ्यासिकेत सगळी पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घोकत बसायची आणि ही एकटी कानात हेडफोन घालून क्लाउड कॉम्प्युटिंग शिकायची. ढगातलं शिकून कुठली नोकरी लागणार, असं शेजारच्यानं विचारलं, तेव्हा तिनं त्याला तलाठ्याच्या जागा यंदा किती निघाल्या ते विचारलं. बिचारा पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

शिकली मात्र धडपडतच. फुकटच्या खात्यावर एखादा जॉब, म्हणजे आकड्यांवर आपोआप चालणारं काम, चालवायचा, तो मध्येच पडायचा आणि पडद्यावर लाल अक्षरांत पानभर इंग्रजी यायचं. ते पाहून बाकीचे हबकतात. भावना ते तळापासून वर वाचायची, कारण खरं दुखणं बहुतेक वेळा तळाशी असतं, हे तिला मार खाऊनच कळलं होतं.

पुण्याच्या एका कंपनीनं तिला अमरावतीच्या लहानशा शाखेत घेतलं, तेही प्रोबेशनवर. काम तिच्या मुलखातलंच होतं. खारपाणपट्ट्यातल्या गावोगावच्या हापशांवर क्षार मोजणारी यंत्रं बसवली होती. त्यांचे आकडे क्लाउडवर यायचे, तिथं निवडून-पाखडून टेबलांत बसायचे आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की ते गाव नकाशावर लाल व्हायचं. लाल गावाला एक संस्था पाणी शुद्ध करण्याचं यंत्र देणार होती. तिच्या बापानं, शेषरावांनी, गावी दर्यापूरभर सांगून टाकलं, की पोरगी पाण्याच्या खात्यात लागली.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग संस्थेनं विचारलं, की दर्यापूरकडचं एकही गाव लाल कसं होत नाही? सगळा पट्टा खारा आणि नकाशा हिरवागार, हे कसं?

पुण्यात बसून टीम सांभाळणारा अश्विन माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत असायचा. यंत्रं गंजली असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. ती बसवणारा आणि पुसणारा दर्यापूरचा किशोर. तेव्हा खापर किशोरवर फोडायचं, त्याचं काम काढून घ्यायचं आणि अहवाल भावनानं लिहून द्यायचा.

भावनानं आधी किशोरला फोन लावला. तो चिडला नाही, रडला नाही. "ताई, हरेक यंत्र मी माह्या हातानं पुसून राहिलो," एवढंच म्हणाला. "तुमाले खोटं वाटत असन त या, हात लावून पाहा."

दोष सापडल्याशिवाय अहवाल लिहिणार नाही, असं तिनं अश्विनला कळवलं. प्रोबेशन संपत आलंय हे लक्षात असू दे, असं त्यानं गोडीत सुचवलं. लक्षात आहे म्हणूनच खोटं लिहीत नाही, असं तिनं उलट कळवलं.

मग पडद्यावर 'यशस्वी' म्हणून हिरवे दिसणाऱ्या जॉबांचा तिनं पिच्छा पुरवला. जॉब पडला तर निदान ओरडून सांगतो. हिरवा राहून चुकीचं काम करणारा जॉब म्हणजे हसतमुख लबाड. पहिल्या टेबलात यंत्रांचे आकडे जसेच्या तसे होते, चांगले खारट. म्हणजे किशोर सुटला. पाखडलेल्या टेबलातही एक ओळ गळाली नव्हती. राहिली फक्त शेवटची पायरी, जिथं आकडा मर्यादेशी ताडून पाहिला जातो. आता चूक पुण्याचीच निघणार, या खुशीत अश्विनला खरमरीत मेल कसा लिहायचा ते जुळवतच तिनं ती पायरी उघडली.

मर्यादेच्या जागी जो आकडा होता, तो तिच्या ओळखीचा होता. तिच्या घरासमोरच्या हापशीचा.

सगळं आठवलं. सुरुवातीच्या चाचणीत तिनं संस्थेशी झालेल्या करारातली मर्यादा घातली होती आणि अख्खा नकाशा एका झटक्यात लाल झाला होता. तेव्हा ती हसली होती. सगळीच गावं लाल कशी असतील, करारातच काहीतरी चुकलं असणार. चाचणीपुरतं म्हणून तिनं आपल्या गल्लीतल्या हापशीचा आकडा घेतला आणि तीच मर्यादा ठेवली, करारातल्यापेक्षा कितीतरी वरची. ते पाणी पिऊन ती वाढली, बाप वाढला. ते तर ठीकच असणार. पुढं बदलायचं राहून गेलं.

बाहेरच्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यांच्या घरचा चहा पाहुणा एक घोट घेऊन बाजूला सारायचा, आणि तिची आई केशरबाई म्हणायची की या लोकांच्या जिभेला चवच नाही. डाळ शिजता शिजायची नाही, हंड्याला पांढरे थर चढायचे, शेजारचे वामनराव डायलिसिससाठी अमरावतीच्या खेपा घालायचे. यांतलं एक दुसऱ्याला कुणी जोडलं नाही. आकडे जोडण्याचा पगार घेणाऱ्या भावनानंही नाही. तिला आधी लाज वाटली आणि मग असा संताप आला, की कुणावर काढावा ते कळेना.

मीटिंगमध्ये तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की यंत्रं बरोबर आहेत, चूक माझी आहे. अश्विनला हायसंच वाटलं. चुका होतात, म्हणाला. फक्त उद्या नकाशा संस्थेपुढं जायचाय आणि सगळा तालुका एकदम लाल झाला तर ते आधीच्या सगळ्या कामावर शंका घेतील. तेव्हा मर्यादा सध्या कुठंतरी मध्ये ठेव, मग हळूहळू खाली आण.

पुण्याच्या माणसांशी भावना जपून, पुस्तकातलं मराठी बोलायची. त्या क्षणी ते गळून पडलं.

"एक डाव मीच थो आकडा वर नेऊन ठेवला," ती म्हणाली. "तवा मले समजलं नव्हतं. आता समजलं. नोकरी ठेवा, नाईतर काढून घ्या. आकडा करारातलाच राहीन, आन् मागचे सगळे दिवस मी पयल्यापासून पुन्हा चालवीन."

अश्विननं तिच्या बदलाला परवानगी देणारं बटण दाबलं आणि नोकरीचं नंतर बघू, म्हणाला. ते नंतर काय होईल, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि विचारायला ती थांबलीही नाही.

जॉब चालू करून तिनं घरी फोन लावला. शेषरावांनी "जयभीम" म्हणून उचलला. हापशीचं पाणी आजपासून पिऊ नका, असं तिनं सांगताच केशरबाईनं फोन हिसकावला.

"आमाले काय झालं थ्या पान्यानं? जनमभर तेच पिऊन राहिलो."

"मीबी तेच समजून बसली होती, माय."

नळ कधी येतो, किती येतो, हे दोघींनाही माहीत होतं.

"मंग पानी आनू कुठून?" केशरबाईनं विचारलं.

पडद्यावर एकेक गाव रंग बदलत होतं. दर्यापूर आताच झालं होतं.

"थेच त्या संस्थावाल्याईले इचाराले," भावना म्हणाली, "मी अख्खा तालुका लाल करून राहिली."