गुणाकाकीची राखण

सावली मागून आली तरी ‘कशाला येतेस गं?’ विचारेल, अशी आमची शेजारीण गुणाकाकी. साठीला टेकलेली, एकटी. दापोड्याहून रोज मानकोलीच्या गोदामात जाते, फाटकी पाकिटं वेगळी काढायला. नजर अशी, की टाचणीएवढं भोकही सुटत नाही. डोळ्यांवरच तिचं पोट.

आमच्याकडे वायफाय आलं, त्या दिवशी तिनं किरण अडवायला मधल्या भिंतीला पितळी परात टेकवून ठेवली. टीव्हीचा रिमोट चुकून तिच्याकडे वळला तरी ओरडते, "अनंता, तिकडं कर त्यो!"

गेल्या महिन्यात मी अंगणात शेड घालायला काढली. काकीला वाटलं, मी तिच्या हद्दीत चार बोटं सरकणार. (खरं सांगतो, माझा दोनच बोटांचा विचार होता.) तिनं सुट्टी टाकली, पाट घेतला आणि सकाळपासून वेल्डिंगकडे डोळे लावून बसली.

वेल्डर भला माणूस. म्हणाला, "अम्मा, इधर मत देखो, आँख खराब होगी."

झालं! "बघू नको म्हनतोय," काकी माझ्याकडे वळली. "म्हंजे बघन्यासारखं कायतरी हाय!" आणि पाट आणखी पुढं ओढला. मी नुसता हसलो. हटकायला हवं होतं.

दिवेलागणीला तिच्या डोळ्यांत वाळू पडल्यासारखं झालं. पाण्याच्या धारा, पापणी उघडेना. "तुज्या वायफायनं माजे डोले खाल्ले रं! आता गोदामात मना कोन ठेवनार?" माझं हसू जागीच विरलं. तिला रिक्षात घातली आणि डॉक्टरीणबाईंकडे नेली.

"वेल्डिंग बघत होतात ना?" बाईंनी तपासून विचारलं. "काकी, वायफाय, रिमोट, ऊन, एक्स-रे, सगळी एकाच कुळातली भावकी. स्वभाव मात्र निराळे. वायफाय बिचारा निरोप पोचवणारा. रिमोटचा किरण टीव्हीपुरता. एक्स-रे अंगातून आरपार जातो, म्हणून तो बेतानंच काढायचा. अन् वेल्डिंगमधून निघतो तो अतिनील किरण. उन्हात कातडी रापवतो तोच. जवळून बघितलं की बुबुळ भाजतं."

भावकी म्हटल्यावर काकीला लगेच उमगलं. "म्हंजे मी गरीब चुलत्याला शिव्या घातल्या नि कोयता घेऊन आलेल्याला पाट दिला!"

"बरे होतील दोन दिवसांत. औषधाचे थेंब घाला, अंधारात पडून राहा."

"ह्यो अनंता तुमाला शिकवून तर न्हाय आला ना?"

दोन दिवस थेंब आम्ही घातले. दर वेळी ती बाटली हुंगायची. वर हुकूम, "नाव वाचून दाखवा. त्यानं न्हाय, सुकन्येनं." म्हणजे माझ्या बायकोनं.

तिसऱ्या सकाळी डोळे उघडले. काकीनं आधी स्वतःची बोटं मोजली, मग कोंबड्या. म्हणाली, "उद्या ड्युटीला जाते."

पण शेडचं त्या दिवसापुरतं काम उरलं होतं; काकी पुन्हा पाट घेऊन हजर. वेल्डरनं आपण होऊन काळ्या काचेची जादा ढाल तिच्या हातात दिली. काकीनं ती तोंडापुढं धरली आणि माझ्याकडं वळली.

"यातनं तू दिसतच न्हाय रं," ती खूश होऊन म्हणाली. "ही मी घरीच ठेवते."